उजव्या हाताची जागा

केरू भोयेच्या उजव्या हाताला बसायची सोय राहिली नव्हती.

अजमानच्या कामगारवस्तीतून दुबईच्या साइटवर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो खिडकी सोडून अलीकडं बसायचा आणि खिडकीची जागा मोकळी ठेवायचा. एका सकाळी एक बंगाली वेल्डर त्याचे गुडघे ओलांडून तिथं बसायला गेला, तर केरूनं छातीला हात लावून त्याला मागं लोटला.

"उधर नहीं. उधर आदमी है."

वेल्डरनं रिकाम्या जागेकडं पाहिलं, केरूच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मुकाट मागच्या बाकावर जाऊन दाटीत बसला. पलीकडं बसलेल्या सोमनाथला मात्र गप्प राहवेना. सोमनाथ बीडकडचा, गोंधळ्याच्या घरातला, केरूच्या खोलीतला. जिभेला हाड नव्हतं त्याच्या.

"कोण मानूस हाय रं भाऊ? हेल्मेट घातलंय का त्यानं? न्हाईतर सेफ्टीवाला धरंल."

"धरंल जी," केरू म्हणाला.

समोरच्यानं म्हटलेला शेवटचा बोल उचलायचा आणि त्याला 'जी' लावून परत करायचा, ही केरूची जुनी खोड. उद्या लवकर निघायचंय म्हटलं की 'निघायचंय जी', डाळ खारट झाली म्हटलं की 'झाली जी'. नव्या माणसाला वाटायचं हा टिंगल करतोय. टिंगल नव्हती ती. अर्धं आयुष्य त्यानं तेच काम केलं होतं.

केरू सुरगाण्याकडच्या डोंगरातला, करंजपाड्याचा, कोकणा जमातीचा. त्याच्या पाड्यात माणूस मेलं की थाळीवर कथा सांगतात. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाचा गोळा, गोळ्यात उभी रोवलेली काडी. बोटांना राख लावायची आणि काडी वरून खाली ओढत राहायची. मग थाळी घुमते. विहिरीत तोंड घालून कुणी हुंकार भरावा तसा तो आवाज. अंगावर काटा येत नाही, पण दातांच्या मुळात जाऊन बसतो. त्या घुमण्यावर थाळकरी मेलेल्याच्या जिवाला वाट सांगतो: उंबरा ओलांड, खळ्याला वळसा घाल, नाला उतर, असं करत करत पार डोंगरावर, जुन्या माणसांत नेऊन सोडेपर्यंत. आणि थाळकऱ्याच्या डाव्या अंगाला झीलकरी बसतो. थाळकरी ओळ टाकतो, झीलकरी तिचं शेपूट उचलतो. "उंबरा वलांड रं जीवा." "वलांड जी." झील आल्याशिवाय पुढची ओळ टाकायची नाही, ही पाड्याची रीत.

थाळकरी होता लाहनू महाले, केरूचा सख्खा मामा. केरूला मिसरूड फुटलं तेव्हापासून तो मामाच्या डाव्या अंगाला बसला. गल्फात आल्यावरही, सुट्टीवर गेला आणि पाड्यात कुणी मेलं की तीच जागा, तीच झील. मामा त्याला शिकवायला म्हणून कधी बसला नाही. आता कोणत्या वळणावर आलो, पुढं काय, काही सांगायचा नाही. केरूला पुढची ओळ कळायची ती मामाच्या श्वासावरून. मामाचं अंग तापलेलं असायचं. उजव्या दंडाला त्याची धग, तंबाखूचा वास, आणि ओळ संपली की घशातला तो खोकला.

पाड्यात थाळकरी कसा होतो? थाळकरी मेला की झीलकरी एक जागा उजवीकडं सरकतो. बस. फेटा नाही, नारळ नाही. आणि सरकल्यावर पहिली कथा सांगायची ती त्याच मेलेल्या थाळकऱ्याची. त्याला पोचवला, की झाला हा थाळकरी. नाही पोचवला, तर मधल्यामधीच.

लाहनू मामा गेल्या उन्हाळ्यात मेला. केरू तेव्हा दुबईत एका टॉवरच्या बाहेरून परांची बांधत होता. कामाची घाई होती, सुट्टी मिळाली नाही. कथा राहिली. मामी तानुबाई फोनवर म्हणाली, "येशील तव्हा सांग. त्याला तरी कुठं घाई हाय? जिता व्हता तव्हा तरी कव्हा कुठं येळेवर पोचला?"

तसं ते चाललंच असतं. पण केरूकडून चूक झाली.

त्याचं असं झालं. दुबईतल्या करामा भागात समिधा नावाची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीतली. जन्म इथलाच, वडील एका दुकानाचे हिशेब बघायचे. ती कलेचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती आणि कामगारांतले कलावंत गोळा करून रविवारी एका हॉलमध्ये बसवायची. कलेत पुढारपण करणारी माणसं कामगारांतूनच उभी राहावीत, आणि ती बाहेरच्या कुणी शिकवून नाही, तर ज्याच्या त्याच्या जुन्या माणसांच्या रीतीनं, असं तिचं म्हणणं. सोमनाथ तिथं संबळ घेऊन जायचा. त्यानंच केरूला ओढून नेला.

"तुमच्याकडे लीडर कसा तयार होतो, काका?" समिधानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"तयार नाय करत," केरू म्हणाला. "म्होरचा मरतो आन् मागचा सरकतो."

लोक हसले. समिधा हसली नाही. "आणि सरकेपर्यंत मागचा काय करतो?"

"ऐकतो."

तिनं ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी दाखवाल? पूर्ण नको. जेवढं बाहेर दाखवायला चालतं तेवढंच."

केरूनं बर दुबईत देवळाच्या गल्लीतून थाळी आणली. काशाची मिळाली नाही, पितळेची घेतली. मेण एका येमेनी मधवाल्याकडून. काडीला बोरू कुठला मिळणार इथं? साइटच्या कडेला खजुरं होती, त्यांच्या झावळीचा हीर काढून तासला. आणि रविवारी थाळी मांडून तो बसला. कथा सांगायची नव्हतीच. नुसतं नमन करायचं, थाळी घुमवून दाखवायची, दोन ओळी ऐकवायच्या आणि उठायचं.

नमनात धरतीचं नाव घेतात, कणसरीचं, म्हणजे धान्याच्या देवीचं घेतात, डोंगराचं घेतात, आणि शेवटी गुरूचं. मामाच्या तोंडून त्यानं मामाच्या गुरूचं नाव शेकडो वेळा ऐकलं होतं आणि त्याला झील दिली होती. तसंच त्यानं आपल्या गुरूचं घेतलं: "लाहनू महाल्या, करंजपाड्याच्या, ये रं."

तोंडातून निघालं आणि त्याला चूक कळली. मामाचा गुरू पोचवलेला होता. मामा पोचवलेला नव्हता. पोचवलेल्याचं नाव थाळीवर घेतलं तर ते नमन. न पोचवलेल्याचं घेतलं तर ती हाक.

थाळी घुमत होती. हॉलमध्ये एसीचा गारवा होता. आणि केरूच्या उजव्या दंडाला धग लागली.

त्यानं थाळी पालथी केली आणि "टाइम झाला" म्हणून तो उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारपासून मामा त्याच्या उजव्या अंगाला बसून होता.

आधी केरूनं कुणाला सांगितलं नाही. जेवताना उजवीकडं थोडी जागा सोडायचा. खाटेवर डाव्या कडेला सरकून झोपायचा. उन्हाळ्यात साइटवर दुपारी काम बंद असतं. सगळे जाळीच्या सावलीत पुठ्ठे टाकून आडवे होतात, लबानच्या, म्हणजे ताकाच्या बाटल्या रिकाम्या होतात, कुणी घोरायला लागतं. त्या भर दुपारच्या गपगार वेळेला केरूला घुमणं ऐकू यायचं. परांचीच्या पोकळ पाइपांतून वारा जातो, तसलाच आवाज. पण वारा नसायचा. मग एक ओळ यायची आणि त्याच्या तोंडून आपसूक झील जायची.

"नाला उतर जी," असं तो झोपेत म्हणाला, तेव्हा सोमनाथ शेजारी जागा होता.

"कुठला नाला? हितं गटार बी दिसंना धड."

केरू उठून बसला. घामानं थबथबला होता. "मामा हाय," तो म्हणाला.

सोमनाथ चेष्टा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला केरूच्या उजवीकडच्या पुठ्ठ्यावरून तंबाखूचा वास आला. तिथं कुणी नव्हतं. सोमनाथनं तोंड मिटलं. गोंधळ्याचा पोर होता, रात्र रात्र देवी जागवलेल्या घरातला. कशाला हसायचं आणि कशाला नाही, ते त्याला कळत होतं.

खरी भीती पुढं होती. मामा वाट सांगत होता ती केरूला. मेलेला माणूस जित्याला घेऊन चालला होता, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं: तो ओळ टाकणार, हा झील देणार. रोज वाट थोडी पुढं सरकत होती. उंबरा झाला, खळं झालं, नाला झाला. डोंगराची चढण लागली की काय होतं, हे केरूला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि एक दिवस वर, परांचीच्या फळीवर, पाइप जोडायचा कपलर आवळताना उजव्या कानाशी ओळ आली: "पाय उचल रं जीवा."

"उचल जी," म्हणून केरूनं पाय उचलला.

कमरेच्या सेफ्टीच्या पट्ट्यानं त्याला धरलं. खाली रस्त्यावरच्या गाड्या मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. वरून दोघांनी ओढून घेतला.

फोरमन अफनान दापोलीकडचा. शिव्या कोकणीतून द्यायचा आणि पगाराची बोलणी हिंदीतून. त्यानं केरूला खाली आणून पाण्याची बाटली हातात दिली.

"काय रे, चक्कर आली?"

"नाय."

"मग काय उडायचं होतं? पंख फुटले काय तुला?" मग आवाज खाली आणून, "केरू, मी तुला वर पाठवीत नाय आता. खाली सामान मोज. पुन्हा असा झाला तर मला तुझ्या घरी फोन करायला लागेल. तो फोन मी आधी केलेला हाय एकदा. पुन्हा नाय करायचा मला."

त्या संध्याकाळी केरूनं मामीला फोन लावला. तो काही बोलायच्या आधी तानुबाईच म्हणाली:

"मामा तुझ्याकडं हाय का रं?"

केरूनं फोन डाव्या कानाला घेतला.

"हितं चुलीपाशी खोकायचा रोज," मामी म्हणाली. "मेला तरी खोकला गेला नव्हता. एक दिस एकदम बंद. मी म्हनलं गेला कुठं? शेजारी इचारलं, बांधावर पाह्यलं."

"माझ्याकडून नाव गेलं मामी. थाळीवर."

पलीकडं मामीनं भुंकणाऱ्या कुत्र्याला हाकललं. मग मामी म्हणाली, "मला जलमात सुरगाण्याच्या बाजारापल्याड नेलं नाय त्या भाड्यानं. आन् सोता दुबईत जाऊन बसला!"

केरूला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही त्यानं गिळलं.

"ऐक," मामी म्हणाली. "हाक ज्यानं मारली त्यानंच पोचवायचा. आन् जिथं मारली तिथूनच. घरी यायची वाट पाहू नको. तवर तो तुलाच नेईल. त्याचं काय वाकडं नाय तुझ्यावर, त्याला सवय हाय तुला मागं घ्यायची. आन् भर दुपारी सांग, सावली पायाखाली आसंल तव्हा. अडकलेल्याला लपायला सावली ठिवायची नाय."

"वाट कशी सांगू मामी? मधी दर्या हाय."

"मंग?"

"आपल्या पायानं तुडवलेली जागाच सांगायची ना वाटंत? दर्या मी कुठं तुडवलाय?"

 लाहनूनं कुणाला दर्यापलीकडून आणलाच नव्हता.

केरू करामाला समिधाकडं गेला. हॉल मागायचा होता. एवढी शिकलेली पोरगी, तिच्यापुढं भुताचं कसं बोलावं, म्हणून तो नुसतं म्हणाला, त्या दिवशी टाइम कमी पडला, अर्धं राहिलं ते पुरं करायचंय.

समिधा गोंधळली. "टाइम? काका, त्या दिवशी हॉल संध्याकाळपर्यंत आपलाच होता. मी तर लोकांना सांगितलेलं, कुणी मध्ये उठू नका. तुम्हीच टाइम झाला म्हणालात."

"मीच?"

"हो. तुम्ही नाव घेतलंत, उजवीकडे बघितलंत, असं," तिनं मान वळवून दाखवली, "कुणी तरी पुढचं सांगेल असं. आणि मग थाळी पालथी केलीत."

 तिच्या टेबलावर खजुरांची वाटी होती. त्यातला एक खजूर उचलून त्यानं परत ठेवला. त्याला वाटत होतं, चूक नावाची झाली. नाव तर गेलंच होतं. पण त्याच वेळी एक जागा सरकून ओळ टाकली असती तर मामा तिथूनच परत फिरला असता. तो सरकला नव्हता. मामाच्या तोंडाकडं बघत बसला होता, मेलेल्या माणसाच्या.

"मला पुढं बसायची भीती वाटते पोरी," तो म्हणाला. "बाकी कायबी नाय."

समिधा म्हणाली, "इथं सगळ्यांनाच वाटते. मी पण मीटिंगमध्ये बॉसकडे बघते." मग तिनं विचारलं, "रेकॉर्ड करू का?"

"नको."

"ओके. कुणाला बोलवू?"

"झील द्यायला माणसं लागतील. भाषा नाय आली तरी चालंल. कान पायजे."

खोलीवर सोमनाथनं दर्याचा तिढा ऐकला आणि कपाळाला हात लावला. "आरं येड्या, इमानात काय लोंबकळत आलास का? पाय कुठं व्हते तुझे?"

"खाली. फळीला."

"मग तुडवला की दर्या. वरनं तुडवला. मामाला काय कळतंय खालून का वरनं!"

केरूनं उजवीकडं पाहिलं. "ऐकतोय तो," तो म्हणाला. सोमनाथनं घाईघाईनं कानाच्या पाळीला हात लावला.

रविवारी, ऊन डोक्यावर आल्यावर, करामाच्या त्या हॉलमध्ये ते जमले. समिधानं खिडक्यांचे पडदे बाजूला सारले होते, एसी बंद ठेवला होता. तिच्या रविवारच्या लोकांपैकी थोडे, सोमनाथ, आणि अंगावर इस्त्रीचा सदरा घालून आलेला अफनान. "मी बघायला आलोय," तो म्हणाला. "ह्याच्यानं माझा मानूस नीट होत असेल तर मला पंचाईत नाय."

भिंतीपाशी सतरंजी अंथरली होती. केरू आपल्या नेहमीच्या जागेवर बसला, म्हणजे सतरंजीच्या मधोमध नाही, थोडा डावीकडं. थाळी त्याच्यापुढं नव्हती. ती उजवीकडं, रिकाम्या जागेपुढं मांडली होती.  केरूच्या उजव्या दंडाला भाजत होतं.

सरकायचं होतं. एक जागा, हातभर अंतर. त्यानं तळवे टेकले, अंग उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. तिथं मामा होता. दुसऱ्या कुणाला दिसत नसेल. पण बसलेल्या माणसाच्या मांडीवर जाऊन कसं बसायचं? तेही ज्याच्यापुढं उभ्या जन्मात कधी वर मान केली नाही त्याच्या?

"मामा," तो हळूच म्हणाला, "सरक जरा."

मामा सरकणारा नव्हता. जिवंतपणी सुद्धा गाडीत पसरून बसायचा.

मग केरू सरकला. तापलेल्या तव्यावर बसावं तसं झालं. पाठीच्या मणक्यातून धग वर चढली, घसा तंबाखूनं जळाला, एक खोकला आला तो त्याचा होता की कुणाचा, कळलं नाही. डोळ्यांपुढं अंधारलं. मग सगळं डाव्या अंगाला उतरलं. तो मामाच्या जागेवर होता, थाळी त्याच्यापुढं होती. डाव्या अंगाला त्यानं खूण केली तसा सोमनाथ येऊन बसला आणि बसताक्षणी शहारला.

"हितं ऊन लागतंय का रं?" तो पुटपुटला.

"दाटीनं बस. दोघं हाय तुम्ही," केरू म्हणाला आणि बोटांना राख लावली.

थाळी घुमली. "लाहनू महाल्या, करंजपाड्याच्या, ऊठ रं जीवा."

"ऊठ जी," सोमनाथ. त्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, जुना, घशातला. मामाचा तो आवाज केरूनं आयुष्यभर वरून, ओळ टाकताना ऐकला होता. आज पहिल्यांदा तो खालून, झील देत येत होता.

"उंबरा वलांड रं जीवा."

"वलांड जी."

मग त्यानं वाट धरली. करामाच्या गल्लीतून, हॉटेलांच्या मागून, बर दुबईला. मीना बाजारच्या कापडांखालून. खाडीच्या धक्क्यावर, अबऱ्याच्या, म्हणजे होडीच्या लाकडी फळीवर पाय दे, पलीकडं देऱ्यात उतर. नावं या कथेत कुणी कधी घातली नव्हती. घालताना केरूची जीभ अडखळत होती. पण जागा पायाखालच्या होत्या आणि झील येत होती. लोकही आता शेपटं उचलायला लागले होते. एक केरळी सुतार 'जी' इतका लांबवायचा की सोमनाथला हसू दाबावं लागत होतं. मग विमानतळ आला. मग विमान.

"फळीला पाय दे रं जीवा, खाली दर्या."

"दर्या जी," सोमनाथ म्हणाला. लोक म्हणाले. खालचा आवाज आला नाही.

केरू थांबला. लाहनू मामा ओढ्याला पूर आला तरी घराबाहेर पडायचा नाही. पाण्याला भ्यायचा. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं ते.

सोमनाथनं कोपर मारलं. "म्हण की पुढं. झील दिली आमी."

केरूनं मान हलवली. एक मागं राहिला होता. मामा स्वतः असं झालं की काय करायचा? ओळ पुन्हा टाकायचा नाही, मागं वळून बघायचा नाही. नुसतं बोट हळू करायचा आणि थाळी घुमत ठेवायचा. मागचा येईस्तोवर. केरूला ते कुणी शिकवलं नव्हतं. तोच कितीदा मागं राहिलेला झीलकरी होता, पेंगलेला, घसा बसलेला, एकदा बायकोशी भांडून आलेला. आणि थाळी त्याच्यासाठी घुमत राहिली होती.

त्यानं बोट हळू केलं. घुमणं खाली गेलं, फरशीत उतरलं. ऊन खिडकीच्या कडेपाशी आलं. अफनाननं कपाळ पुसलं. कुणाच्या तरी गुडघ्याचा कट्कन आवाज झाला. केरूच्या बोटांची राख संपली, हीर कातडीवर घासायला लागला, तरी त्यानं हात काढला नाही. त्याच्या मनात आलं, मामा पुढं येणारच नाही. इथंच, या सतरंजीवर, आपण दोघं.

डावीकडं कुणी खोकलं. सोमनाथ नव्हता.

"दर्या जी," जुना आवाज म्हणाला. अगदी बारीक. भ्यालेल्या पोरासारखा.

केरूनं पुढची ओळ टाकली.  दर्या झाला, मुंबई झाली, घाट झाला, सुरगाण्याची एसटी झाली. ओळखीचा मुलूख लागला तशी खालची झील जोरात येऊ लागली, ओळ संपायच्या आधीच यायला लागली. म्हाताऱ्याला घाई झाली होती. नाला, खळं, मामाच्याच घराची मागची बाजू. तिथून डोंगराची चढण. केरूला वाटलं, इथं जरा हळू घ्यावं. थोडं अजून बसावं दाटीनं. त्याच्या बोटाला ते कळलं आणि बोट हळू व्हायला लागलं. त्यानं ते होऊ दिलं नाही.

"पाय उचल रं जीवा."

"उचल जी," सोमनाथ म्हणाला. एकटाच. त्याचा आवाज अर्ध्या सुरानं चढा होता, आणि आता त्याखाली काही नव्हतं.

शेवटची ओळ प्रश्नाची असते. तिचं उत्तर मेलेला देत नाही आणि थाळकरीही देत नाही. जित्या माणसांनी द्यायचं, ठरवून, एका तोंडानं. ते काय असतं हे सांगायचं केरूच्या डोक्यातून निसटलं होतं.

"पोचला का रं?" त्यानं विचारलं.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सोमनाथनं 'का रं जी' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. केरू थाळी घुमवत राहिला. सांगायचं नव्हतं, बघायचं नव्हतं. त्याची नजर थाळीवर होती आणि तिच्यावर दोन थेंब रक्त पडलं होतं.

"पोचला," समिधा म्हणाली. मग तिनंच दचकून तोंडावर हात ठेवला.

"पोचला," अफनान म्हणाला. "पोचला, पोचला," बाकीचे म्हणाले, कुणी नुसतं 'पोचा', कुणी आणखी काही.

केरूनं हात काढला. घुमणं थोडा वेळ थाळीत राहिलं आणि गेलं.

नंतर चहा झाला. अफनान म्हणाला, "परवापासून वर ये. पट्टा दोन ठिकानी बांधून." समिधानं विचारलं, पुढच्या रविवारी काय घ्यायचं? तिचा प्रश्न नेहमीसारखा सोमनाथला नव्हता, केरूला होता. सोमनाथही त्याच्याकडंच बघत होता, केरळी सुतारही.  तो अजून सतरंजीवरच होता. थाळकऱ्यानं शेवटी उठायचं असतं, म्हणून. त्यानं मान वळवून उजवीकडं पाहिलं. इतकी वर्षं तिकडं पाहिलं की मामाचा कान दिसायचा, मानेवरची सुरकुती दिसायची. मामाच्या पलीकडं काय असतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

पलीकडं हॉलचा पांढरा कोपरा होता, आणि एक प्लग.